उजव्या अंगाला बसा

धोटा माझ्या कानाजवळून गेला तेव्हा मी पोस्टकार्ड वाचत होतो. मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, धोटा उडणं काही नवलाचं नाही. दोन्ही टोकांना लोखंडी टोच असलेला तो लाकडी ठोकळा दिवसभर ताण्यातून इकडून तिकडे पळत असतो आणि एखादा धागा आडवा आला की वाट सोडून सरळ माणसाच्या अंगावर येतो. मौलालीचा डोळा गेल्या वर्षी असाच गेला. माझ्या मागच्या भिंतीचा टवका उडाला, धोटा फरशीवर गरगरला आणि थांबला. पलीकडून गैबीसाबने हात वर केला. आमच्याकडे बोलतात ते असंच. दोनशे साचे एकदम चालू असले की तोंडाचा उपयोग फक्त पान खायला. कुणाला काही दाखवायचं असेल तर उघडा पंजा डोक्याच्या वर न्यायचा आणि झटक्यात खाली आणून त्या वस्तूकडे बोट करायचं. सावकाश हात केलेला त्या धुरळ्यात दिसत नाही. गैबीसाबने तसा हात आणून फुटलेली भिंत दाखवली आणि मग कपाळाला बोट लावलं, म्हणजे मरायचंय का तुला. मी पोस्टकार्ड दाखवलं. त्याने डोक्यावर पदर ओढल्याची खूण केली, म्हणजे बायकोचं? मी मान हलवली. तो हसला, त्याचे तंबाखूने रंगलेले दात दिसले, आणि मला त्या दातांवर एक ठेवून द्यावीशी वाटली. कारण काही नाही. मला असं वाटतं. दिवसातून पाच-सात वेळा वाटतं आणि बहुतेक वेळा मी ते गिळून टाकतो.

पोस्टकार्डावर चारच ओळी होत्या. सारजा चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर गोल आणि मोठं, त्यामुळे कार्ड भरलं होतं. ‘आपण पुस्तकात दाखवलं होतं ते हिरवं पाखरू आमच्या परड्यात येतं. चोच लाल आहे. कुशीला काळे-पांढरे पट्टे आहेत. दिवस कासराभर वर आला की येतं. यायचं असलं तर या.’ खाली नाव. खुशाली नाही, नमस्कार नाही. नागपंचमीला म्हणून बार्शीला माहेरी गेली ती संक्रांत होऊन गेली तरी परतली नव्हती, आणि या सहा महिन्यांतला हा पहिला कागद. मी तो तीनदा वाचला आणि पाखरू बाजूला सारून मला हवं तेवढंच त्यातून काढून घेतलं. यायचं असलं तर या. मला सारजा परत हवी होती. खोलीत दिवा लागलेला हवा होता, परातीत भाकरी थापल्याचा आवाज हवा होता, आणि चाळीतल्या बायकांनी मला बघून बोलणं मध्येच थांबवलेलं नको होतं. मी ठरवलं की रविवारी जायचं आणि तिला घेऊनच यायचं.

पाखरांचा हा नाद मला कसा लागला हे सांगितलं तर लोक हसतात. साचे दुरुस्त करणारा जॉबर, हाताला वंगण, आणि गळ्यात दुर्बीण. ती दुर्बीण आमच्या मिलच्या म्हाताऱ्या विव्हिंग मास्तरची. तो नोकरी सोडून गेला तेव्हा दुर्बीण आणि पाखरांचं एक इंग्रजी पुस्तक मला देऊन गेला. दर रविवारी मी कंबर तलावावर जाऊन बसायचो. आठवडाभर डोक्यात चाललेले साचे तिथे तासाभराने बंद पडायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षी सारजाला जवळ बसवून मी ते पुस्तक दाखवलं होतं. हिरव्या मुनियेच्या चित्रावर बोट ठेवून म्हटलं होतं, ही आपल्याकडं कुटनं येणार, ही दिसली तर जन्माचं कल्याण. ती चित्राला हात न लावता नुसतं बघत होती. एवढं तिच्या लक्षात राहिलं, चोचीच्या रंगासकट. मी तिच्याशी ज्या गोष्टी बोललो त्यातलं काय काय तिने असं सांभाळून ठेवलं असेल या विचाराने मला त्या आठवड्यात झोप नीट लागली नाही.

खरं तर पाखरांशी माझी ओळख त्याआधीची, आणि ती काही प्रेमाची नव्हती. आमचं गाव मंगळवेढ्याकडचं, काळ्या रानाचं. शाळू निसवला की माच्यावर उभं राहून पाखरं राखायची, हातात गोफण. नऊ वर्षांचा असताना माझा नेम असा होता की उडत्या थव्यातलं पाखरू मी सांगून पाडायचो. दगड लागला की पाखरू ओरडत नाही. नुसतं मिटतं आणि पडतं. एकदा एक साळुंकी अशी पडली आणि मी खाली उतरून तिला हातात घेतली. ती अजून गरम होती, तिच्या डोळ्याभोवतीची पिवळी कड मी इतक्या जवळून कधी बघितली नव्हती. मी बघत राहिलो आणि तेवढ्यात मागे अख्खा थवा रानात उतरला. बापाने त्याच गोफणीच्या दोरीने मला माच्याच्या खांबाला धरून झोडलं. प्रत्येक फटक्यासरशी एकच वाक्य म्हणत होता. ‘पाखराला राग न्हाय येत, भूक येती. उठीवलं तरी परत त्येच कणसावर बसणार.’ पाठीवर वळ उठले ते महिनाभर होते. रडलो नाही म्हणून आणखी मारलं. बाप मेला तेव्हा मी त्याचे हात बघत होतो, छातीवर ठेवलेले, आणि ते माझेच आहेत असं मला वाटलं.

सारजावर मी हात उचलला तो काही पहिल्यांदा नव्हे. हे मी आता सांगतो, तेव्हा कुणी विचारलं असतं तर त्याच्याच अंगावर गेलो असतो. भाकरी करपली म्हणून, उशिरा आली म्हणून, उलट बोलली म्हणून, आणि कधी ती काहीच बोलली नाही म्हणून. पण त्या आषाढातल्या दिवसाची गोष्ट निराळी. चाळीच्या मागच्या लिंबावर हळद्या येऊन बसला होता. मी खिडकीत दुर्बीण लावून उभा. पिवळाजर्द, डोळ्यातून काळी रेघ, पावसाने धुतलेला. मी श्वास धरला होता. मागे सारजाच्या हातून तांब्या फरशीवर पडला आणि हळद्या गेला. मी वळलो. वळताना हात आधीच वर गेलेला होता. पंजा तिच्या डाव्या कानावर बसला, पुरा, उघडा. असा आवाज झाला की शेजारच्या हुसेनबीने पलीकडून विचारलं, काय पडलं गं? सारजा म्हणाली, तांब्या. ती भिंतीला धरून उभी होती. थोड्या वेळाने तिच्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली. मी दुर्बीण पिशवीत घातली आणि बाहेर जाऊन तीन कप चहा प्यालो. पंधरा दिवसांनी तिचा बाप नागपंचमीला न्यायला आला तेव्हा कानातला कापूस तिने पदराखाली झाकला होता. जाताना ती मला म्हणाली, दळण आणून ठिवलंय.

रविवारी पहाटेची बार्शीची एस. टी. भरून आली होती. मला खिडकीजवळची जागा मिळाली आणि दुर्बिणीची पिशवी मी मांडीवर घेतली. वैरागच्या अलीकडे एक दणकट माणूस चढला, डोक्यावर बियाण्याचं पोतं. ते त्याने माझ्या मांडीवरच टेकवलं, पिशवीवर. मी म्हटलं, काढ. तो म्हणाला, ‘काचंचा हाय का तू?’ लोक हसले. मी उठलो आणि त्याची गचांडी धरली. त्याच्या सदऱ्याचं बटण तुटून माझ्या हातात आलं आणि त्याने मला छातीवर गुद्दा घातला. मग काय झालं ते मला नीट आठवत नाही, बरं वाटलं एवढं आठवतं. अंगात ऊब आली, साच्याचा आवाज कानात सुरू झाला, आणि त्याच्या ओठातून रक्त आल्यावर मला लहानपणी नेम लागल्यावर व्हायचं तसं झालं. कंडक्टरने मध्ये पडून आम्हाला सोडवलं. ‘भांडायचं तर खाली उतरून भांडा, गाडी न्हाय थांबायची तुमच्यासाठी.’ पुढचा सगळा रस्ता तो माणूस ओठाला धोतराचा सोगा लावून उभा होता आणि मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो होतो. बाहेर शाळूची रानं उभी होती, कणसं पांढरी पडत आलेली. बायकोला आणायला निघालेला माणूस मी, आणि माझ्या बाहीवर परक्या माणसाचं रक्त. मी बाही दुमडून घेतली.

सारजाचा बाप कुंडलिक, बार्शीच्या धान्यबाजारात मापाडी. आयुष्य शाळू-तुरीची मापं टाकण्यात गेलेलं, खांदा एका बाजूला कललेला. बाजारात सांडलेलं, पायाखाली गेलेलं, मातीत मिसळलेलं धान्य सगळे मापाडी झाडून घेतात. तो ते धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणायचा आणि परड्यात पाखरांना घालायचा. बोरीच्या फांदीला शाळवाची कणसं टांगलेली, खाली फुटक्या रांजणाच्या खापरीत पाणी. माझ्या बापाने हे बघितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. कुंडलिकमामा दारातच उभे होते. ‘या पाव्हणं,’ म्हणाले. माझ्या दुमडलेल्या बाहीकडे त्यांनी एकदा बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. सोप्यात उंबऱ्याजवळ कापडी पिशवी भरून ठेवलेली होती. तिच्या तोंडातून सारजाच्या निळ्या लुगड्याचा काठ बाहेर आलेला मी बघितला आणि माझं काम झालं असं मला वाटलं. सगळं बोलणं मी गाडीत घोकून आलो होतो. त्यातलं काही लागणारच नव्हतं.

परड्यात पाटाएवढे दोन दगड होते आणि मध्ये सारजा उभी. वाळली होती. पदर डाव्या गालावरून पुढे ओढलेला. ‘आलासा?’ ती म्हणाली. मी म्हटलं, आलो. तेवढ्यात दारातून कुंडलिकमामा म्हणाले, ‘पाव्हणं, तिच्या उजव्या अंगाला बसा.’ आता मी कुठे बसायचं हेही सासऱ्याने सांगायचं का? माझ्या मानेची शीर ताठली. डावीकडच्या दगडावरून बोरीची फांदी सरळ दिसत होती, ऊन मागे होतं. दुर्बीण लावणाऱ्याला कुठे बसायचं ते कळतं. मी डावीकडे बसलो. सारजाने एकदा बापाकडे बघितलं आणि माझ्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर, बसली. मामा आत गेले.

आम्ही बसून राहिलो. चिमण्या आल्या, भांडल्या. एक खार कणसावर उलटी लटकून दाणे खाऊन गेली. मी दुर्बीण लावून बसलेलो, पण माझं अर्धं लक्ष शेजारी होतं. तिच्या अंगाला शेणाचा आणि बाजरीच्या पिठाचा वास येत होता. सहा महिन्यांनी तो वास आला. मी हळू आवाजात म्हटलं, सारजा, चुकलं माझं. आयुष्यात कुणाला हे म्हटलं नव्हतं. बापाला नाही, देवाला नाही. ती फांदीकडे बघत बसली. पापणीही हलली नाही. मी वाट बघितली. आधी मला लाज वाटली आणि मग त्या लाजेतून तो ओळखीचा राग वर चढायला लागला. एवढं बोललो तरी हिचं तोंड उघडत नाही? माज आलाय? हात मांडीवर होता, त्याची बोटं आपोआप मिटली. मी ती दुर्बिणीभोवती आवळून धरली आणि गिळलं. हे गिळलेलं कुणी मोजत नाही.

आणि मग ती आली. आधी पाच-सहा लाल मुनिया कणसावर उतरल्या, आणि त्यांच्या मागून ही, एकटी, वाट चुकल्यासारखी. पाठ हिरवी, पोट पिवळं, कुशीवर काळे-पांढरे पट्टे असे स्वच्छ की कुणी मापून ओढलेत. चोच लाल. पुस्तकातलं चित्र तिच्यापुढे मळकं होतं. कुठल्या डोंगरातून आली असेल, का कुणी पिंजऱ्यातून सोडली असेल, मला काही सुचेना. तिने एक दाणा काढला, चोचीत फिरवला, फोल खाली पडलं. मी दुर्बीण खाली केली, नुसत्या डोळ्यांनीही ती दिसत होती. मला आयुष्यात इतका आनंद झालेला नाही. आणि तो आनंद एकट्याने घ्यावा असं वाटलं नाही, हेही पहिल्यांदाच. सारजा चिमण्यांकडे बघत होती, भलत्याच फांदीकडे. मी पुटपुटलो, ‘आली, सारजा, आली बघ.’ ती ढिम्म. मी पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्याने. तिला काही कळलं नाही. तेव्हा साच्यावरच्या अकरा वर्षांच्या सवयीने माझा हात वर गेला. पंजा उघडा, डोक्याच्या वर, आणि झटक्यात खाली, फांदीकडे.

सारजा दगडावरून खाली पडली. पडली नव्हे, तिने स्वतःला टाकलं. दोन्ही कोपर डोक्यावर, गुडघे पोटाशी, तोंड मातीत. आवाज केला नाही. तिचं सगळं अंग पुढच्या फटक्याची वाट बघत मिटलं होतं. पाखरांचा थवा एकदम उठला, भर्र झालं आणि परडं रिकामं झालं. माझा हात अजून फांदीकडे ताणलेला होता. बोट ज्याच्याकडे होतं ते कणीस झोके घेत होतं.

कुंडलिकमामा धावत आले, हातात उखळातलं मुसळ. ‘हात लावशील तर हितंच ठिवीन!’ त्यांचा आवाज फाटला होता. मी म्हटलं, ‘मामा, पाखरू दावत हुतो.’ हे वाक्य माझ्या कानाला इतकं खोटं वाटलं की मी ते पुन्हा म्हटलं नाही. त्यांनी मला मारायला हवं होतं. मी मान पुढे करून उभा राहिलो, खरंच. मुसळ डोक्यात बसलं असतं तर मी सुटलो असतो. पण त्यांनी ते खाली टेकवलं आणि त्याला धरून उभे राहिले. म्हणाले, ‘डाव्या कानानं तिला ऐकू येत न्हाय. पडदा फाटलाय म्हनला डाक्टर. म्हनून सांगितलं उजव्या अंगाला बसा.’

म्हणजे माझं चुकलं म्हटलेलं त्याच कानावर गेलं होतं. ज्या हाताने तो कान बंद केला तोच हात पाखरू दाखवायला वर गेला. मी दगडावर बसलो. सारजा उठली, तोंडाची माती पुसली, पदर नीट केला. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, लाज होती. ती घरात गेली आणि ती भरलेली पिशवी घेऊन बाहेर आली.

‘चला,’ ती म्हणाली, ‘दुपारची गाडी गावंल की.’ आणि मग जवळ येऊन, उजवा कान माझ्याकडे करून, हळूच म्हणाली, ‘अवो, मी मुद्दाम न्हाय केलं. चुकून झालं. आबांच्या म्होरं तसं करायचं नव्हतं मला. तुमचं पाखरू उडालं.’

मला बापाचा आवाज ऐकू आला, माच्यावरचा. भूक येती. परत त्येच कणसावर. सहा महिन्यांत गल्लीत तिला कुणी काय काय विचारलं असेल, कललेल्या खांद्याचा म्हातारा आणखी किती वर्षं मापं टाकणार, टाकलेल्या बाईला बार्शीत काय म्हणतात, हे सगळं त्या पिशवीत भरलेलं होतं. माझ्यावरची माया त्यात होती का? असेलही. चोचीचा रंग तिने लक्षात ठेवला होता. पिशवी घ्यायला मी हात पुढे केला असता तर ती मुकाट्याने माझ्या मागून स्टँडपर्यंत आली असती, आणि चाळीत दिवा लागला असता, आणि आठ दिवसांनी, नाहीतर महिन्याने, काहीतरी फरशीवर पडलं असतं.

‘पिशवी आत ठिव,’ मी म्हटलं. तिचा चेहरा पांढरा पडला. ‘रागावलासा?’ ‘न्हाय.’ ‘मग?’ एवढं डोक्यात असून तोंडात काही येत नाही, साच्यावर बोलायची सवयच गेलेली. मी मामांकडे वळलो. ‘मामा, म्या हिला टाकत न्हाय. कुनी इचारलं तर माझं नाव सांगा, म्हनावं नवराच वाईट हाय. पर आज न्येत न्हाय.’ मामांनी विचारलं, ‘मग कवा?’ मी माझ्या हातांकडे बघितलं. बाही सुटली होती, बसमधल्या माणसाचं रक्त वाळून काळं झालं होतं. तेही त्यांनी बघितलं. ‘ठावं न्हाय,’ मी म्हटलं. सारजा पिशवी छातीशी धरून उभी होती. मी तिला सोडून चाललोय ही आणखी एक शिक्षा आहे असंच तिला वाटत होतं. आणि मी तिच्या उजव्या कानापाशी जाऊन ते घोकलेलं सगळं बोललो असतो तरी तिने काय ऐकलं असतं कोण जाणे. तरी मी तिच्या उजवीकडे गेलो, हात पाठीमागे बांधून, आणि म्हटलं, ‘चुकलं माझं.’ तिने मान हलवली. दुर्बीण मी दगडावर ठेवली होती, ती तिथेच राहू दिली.

दोघं मला सोडायला स्टँडवर आली. सारजाने पिशवी घरी ठेवली नव्हती, खांद्याला तशीच होती. मला खिडकीजवळची जागा मिळाली. ती खिडकीखाली उजवा कान वर करून उभी राहिली, मी काही म्हणेन म्हणून. मी म्हटलं, पाखरू आलं तर लिहून कळव. ती म्हणाली, व्हय. कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलल्यावर तिने हात वर केला, खांद्याइतकाच, आणि तिथेच धरला. सगळ्या खिडक्यांतून लोक आपापल्या माणसांना हात करत होते. मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि गाडी वळेपर्यंत ते बाहेर काढले नाहीत.